तावलेपाला हिरवी खूण

तावलेपा गावात पाहुणा येणार म्हटले की आधी लेइसावीला कळवायचे. असा नियम कोणी केला नव्हता, पण मोडायची छातीही कोणाची नव्हती. पाद्री येवोत, शाळातपासनीस येवो, नाहीतर पलीकडच्या बेटावरून कोणाच्या मुलीला मागणी घालायला माणसे येवोत. चटया कुठल्या अंथरायच्या आणि लापलाप कुठल्या कंदाचा करायचा, हे तीच ठरवायची. किसलेल्या कंदाचा जाड थर नारळाच्या दुधासकट केळीच्या पानांत बांधून तापल्या दगडांखाली ठेवला, की तो कधी उघडायचा हे ती नुसत्या वासावरून सांगत असे. तिचा अंदाज चुकलेला कोणाच्या आठवणीत नाही.

बाई पन्नाशीच्या पुढची, अंगाने भरलेली, चालताना जरा उजवीकडे कलणारी. नवरा साखरेच्या आजाराने गेला त्याला नऊ वर्षे झालेली. एकुलता मुलगा काल्सोंग न्यूझीलंडला सफरचंदांच्या बागेत कामाला, सात महिन्यांच्या करारावर. घरात सून मेरियन आणि पाच महिन्यांची नात एल्मा. मेरियन सान्तो बेटावरची, लुगनव्हिल शहरात वाढलेली, त्यामुळे तिला चुलीचा धूर सोसत नाही, असे लेइसावी चारचौघींत सांगायची. आणि सासूबाईंना धुराशिवाय दुसऱ्या कशाची चव कळत नाही, असे मेरियन तिच्या तोंडावर सांगायची. दोघींचे छान चालले होते.

लेइसावीचे अक्षर मोत्यासारखे. म्हणून गावची वादळ समिती झाली तेव्हा चिटणीस तिलाच केले. दप्तर तिच्याकडे, याद्या तिच्याकडे, रेडिओवरचे आकडे ऐकून भिंतीवरच्या नकाशात वादळाची जागा टिंबाने दाखवायची तीही तिनेच. त्या मार्चमध्ये सोमवारी तिचे टिंब गावाच्या उत्तरेला आले आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाचे पत्रे उडाले. मंगळवार-बुधवार लोकांनी वाकलेले खिळे दगडावर ठोकून सरळ केले, मिळतील ते पत्रे परत बसवले. गुरुवारी दुसरे वादळ आले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. पहिल्याने सोडलेले दुसऱ्याने नेले, आणि समुद्राचे पाणी अळूच्या वाफ्यांत शिरून खारट चिखल करून गेले. सगळे गाव देवळात बसले होते, त्यामुळे माणूस मात्र एकही दगावला नाही.

लेइसावीचे घर अर्धे राहिले. स्वयंपाकाची झोपडी गेली, झोपायच्या खोलीवरचे छप्पर गेले. उरलेल्या कोपऱ्यावर केवड्याच्या पानांच्या चटया बांधून त्याखाली तिघी झोपू लागल्या. पाऊस आला की मेरियन पोरीला छातीशी धरून उभी राहायची, कारण बसले तर पाठ भिजायची.

"ताडपत्री येईपर्यंत असंच," लेइसावी म्हणाली.

"कधी येणार?"

"येतील की माणसं. आधी पाहणी होईल."

पाहणीची एक वेगळीच हकिगत आहे. आठ वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळानंतर गावात अकरा संस्थांची माणसे येऊन गेली होती. प्रत्येकाने तेच प्रश्न विचारले. शेवटी शेवटी म्हाताऱ्या लेइविया आजीला, म्हणजे आमच्या बुबूला, उत्तरे इतकी पाठ झाली, की माणूस होडीतून उतरायच्या आतच ती सुरू व्हायची: सहा डोकी, एक संडास, विहीर खारट. एका गावाला तीनदा बादल्या मिळाल्या आणि दुसऱ्याला एकदाही नाही. लोकांनी तक्रारी केल्या आणि सरकारने त्या ऐकल्या. आता सगळ्यांनी मिळून एकच पाहणी करायची, एकच तक्ता भरायचा, आणि त्यावरून पत्रेवाल्यांनी पत्रे, पाणीवाल्यांनी पाणी, तांदूळवाल्यांनी तांदूळ द्यायचे. सुधारणा चांगलीच होती. अडचण एवढीच, की अकरा जणांत एखादा तरी नीट बघून जायचा. आता एकच जण, आणि त्याने लिहिले ती दगडावरची रेघ.

वादळानंतर आठव्या दिवशी निरोप आला: परवा पाहणीची माणसे येत आहेत.

गावचे मुखिया मासोए, ज्यांना सगळे जिफ म्हणत, काठी टेकत लेइसावीकडे आले. "तुझ्यावर आहे बघ," म्हणाले. पाहुण्यांचे तिच्यावर असतेच, त्यामुळे तिने जास्त विचारले नाही. दीड दिवसात तिने गाव उभे केले. पडलेली झाडे तोडून ओंडके रचले. चुरगळलेले पत्रे देवळामागे नेऊन एकावर एक नीट ठेवले. पटांगण तीनदा झाडले. कलंडलेल्या भिंतींना टेकू दिले, भिंतींची भगदाडे चटयांनी झाकली, आणि देवळाच्या दाराला जास्वंदीच्या माळा लावल्या.

मेरियन पोरीला कडेवर घेऊन हे सगळे बघत होती.

"आई, ती माणसं मोडतोड बघायला येतायत. तुम्ही तीच झाकताय."

"मग काय उकिरड्यात बसवू त्यांना?"

"बसवा. उकिरडाच आहे."

"तुमच्या शहरात बसवत असतील. अगं, त्यांना काय डोळे नाहीत? चटई आहे तिथं भिंत नाही, एवढं न कळायला ती काय तान्ही बाळं आहेत?"

मेरियन पोरीला घेऊन आत गेली. पुढे कित्येक दिवस लेइसावीला वाटत राहिले, की सुनेने अजून थोडे भांडायला हवे होते.

जेवणाचेही तसेच. वादळानंतर पंधरा दिवस आमच्याकडे खाण्याची चंगळ असते, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. झाडावरचे सगळे नीरफणस खाली, सगळी केळी खाली. सडायच्या आत खावीच लागतात. त्यानंतर चार महिने काही नाही. त्या दिवशी पटांगणात भाजलेले नीरफणस होते, उकडलेली केळी होती, शहाळी होती. पण पाहुण्यांना नुसते पडलेले कसे वाढायचे? लेइसावीने घराच्या कोरड्या कोपऱ्यात पुरून ठेवलेली कोनफळे काढली. ती बियाण्याची होती. त्यांचा लापलाप केला आणि वर उरलेल्या दोनातली एक कोंबडी घातली.

पाहणीचा प्रमुख सिमिओन नावाचा मालेकुला बेटावरचा तिशीचा माणूस होता. हातात टॅब, पायात चिखलाचे बूट, डोळ्यांत चार दिवसांची झोप. ओहोटीच्या आत होडी काढायची म्हणून त्याच्यापाशी दोन तास होते, आणि त्यातला एक प्रार्थनेत, स्वागताच्या भाषणांत आणि जेवणात गेला. लापलापचा पहिला घास घेतल्यावर त्याने टॅब बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आई गेल्यापासून असा खाल्ला नव्हता." लेइसावीला आपण फार मोठे काम केल्यासारखे वाटले.

मग प्रश्न सुरू झाले. उत्तरे जिफ मासोए देत होते.

"घरांत राहता येतं का, जिफ?"

"राहतोय की. दुसरीकडं कुठं जाणार?"

"खायला आहे?"

"देवाच्या दयेनं आज आहे. तू जेवलास ना पोटभर?"

"दुरुस्ती सुरू झाली?"

"आमची माणसं हातावर हात ठेवून बसणारी नाहीत, बाळा."

सिमिओन बोटाने टॅबवर खुणा करत होता. लेइसावी शेजारीच दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. त्या दप्तरात चाळीस घरांची यादी होती: कोणाचे किती उडाले, कोणाची किती रोपे गेली. पाहुण्यांसमोर जिफ बोलत असताना बाईमाणसाने मध्ये बोलायचे नसते. ती बोलली नाही. त्याने यादी मागितली असती तर तिने दिली असती. पण तक्ता टॅबमध्येच होता, कागदाचे काम उरले नव्हते.

दहा दिवसांनी निकाल लागला. पूर्ण पडलेल्या गावांना तांबडी खूण, अर्धवटांना पिवळी, आणि आपापले सावरणाऱ्यांना हिरवी. डोंगरापलीकडच्या वोरासीला तांबडी मिळाली. त्यांचे जिफ मयतीला राजधानीत गेलेले, त्यामुळे झाडा-पुसा म्हणायला कोणी नव्हते, आणि पाहणीची माणसे पडलेल्या झाडांवरून उड्या मारतच गावात शिरली होती. तावलेपाला हिरवी मिळाली. शेरा होता: गाव स्वच्छ, अन्न पुरेसे, दुरुस्ती गावकऱ्यांनी स्वतः सुरू केली आहे.

तोवर नीरफणस सडून गेले होते.

जिफ मासोए दोन दिवस गावच्या पुरुषांबरोबर संध्याकाळचा काव्हा प्यायलासुद्धा घराबाहेर पडले नाहीत. लेइसावीला कोणी बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागले. एल्माला खोकला झाला होता. मेरियनची आई लुगनव्हिलहून रोज फोन करून विचारायची, की विटांचे घर इथे रिकामे पडले असताना पोरीला पावसात का ठेवली आहे.

"मी महिनाअखेरपर्यंत बघते आई," मेरियन एका सकाळी म्हणाली. "ताडपत्री आली तर राहते. नाहीतर पोरीला घेऊन जाते."

"आणते मी," लेइसावी म्हणाली.

दप्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती मोटारहोडीने तीन तासांवरच्या मोठ्या बेटावर गेली. तिथे शाळेच्या एका खोलीत सगळ्या मदतवाल्यांची बैठक असायची. छपराचे टेबल वेगळे, पाण्याचे वेगळे, अन्नाचे वेगळे. माणसे भली होती, हे सांगितलेच पाहिजे. कोणी तिला हाकलले नाही, कोणी आवाज चढवला नाही. छपराच्या बाईने यादी वाचून डोळे पुसले आणि सांगितले, की आमच्याकडे ताडपत्र्या आहेत, पण हिरव्या गावाला देता येत नाहीत. खूण बदलली की लगेच देऊ. अन्नाच्या माणसाने तेच सांगितले. खूण कोण बदलणार? पाहणी. पाहणी कोण करणार? जो तो बोटाने पलीकडचे टेबल दाखवू लागला, आणि खोलीला एक फेरी घालून ती पुन्हा दाराशी आली. दाराशी सिमिओन उभा होता.

तो तिला बघून ओशाळला. "मी दिसलं ते लिहिलं, आई."

"दिसलं ते मीच दाखवलं," ती म्हणाली. "तुझा काही दोष नाही. पण ते बियाणं होतं रे, तू खाल्लंस ते."

सिमिओनने तिथल्या तिथे फेरपाहणीचा अर्ज भरला. दोन आठवडे लागतील, म्हणाला. तो कागद तिने दप्तरात सर्वांत वर ठेवला आणि परतीच्या होडीत दोनदा काढून वाचला.

चौथ्या दिवशी सकाळी वोरासीच्या बायका डोंगर उतरून आल्या. डोक्यावर तांदळाची पोती, काखेत ताडपत्र्या. पुढे लेइमाला, लेइसावीची लहानपणची मैत्रीण.

"तुला कोणी सांगितलं आणायला?" लेइसावी म्हणाली.

"कोणी कशाला सांगायला हवं? आमच्याकडं भात शिजतोय आणि डोंगरावरून बघितलं तर तुमच्या एका चुलीला धूर नाही. घास उतरेल का घशाखाली? आणि तोंड काय असं करतेस, तुझ्या नवऱ्याच्या मयतीला तुम्ही आम्हाला दोन डुकरं जास्त वाढली होती, ती अजून अंगावर आहेत."

बायका हसल्या. कितीतरी दिवसांनी गावात हसू ऐकू आले.

तांदूळ वाटला गेला. ताडपत्र्या मात्र चारच होत्या. यादी लेइसावीकडे, वाटणार तीच. एक दवाखान्याच्या खोलीला गेली. एक बुबू लेइवियाला, तिला भिंतीच उरल्या नव्हत्या. एक मांडीचे हाड मोडलेल्या नावाड्याला, आणि एक जुळी मुले असलेल्या घराला. मेरियन एल्माला घेऊन तिथेच उभी होती. चौथी ताडपत्री उचलली गेली तेव्हा तिने सासूकडे पाहिले, आणि लेइसावीने दप्तरात पाहिले.

"पाचवी असती तर आपल्याला घेतली असती ना आई?"

खोटे बोलणे सोपे होते. "पाचवी असती तर आरोनच्या घराला गेली असती. त्याच्यात एक भिंत कमी आहे. आपलं सहावं."

"तुम्ही चिटणीस नसता तर बरं झालं असतं," मेरियन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि लेइसावीला तो असता तर सोपे गेले असते.

पुढचे सगळे फोनवर घडले. वोरासीला मदत नीट पोचली का, हे विचारायला मोठ्या बेटावरून फोन आला. लेइमालाने अभिमानाने सांगितले, की पोचली, आणि आम्ही तावलेपालाही दिली. पलीकडच्या मुलीने तसे नोंदवले. आठवड्याने सिमिओनचा फोन आला. तो बराच वेळ तब्येतीची चौकशी करत राहिला, तेव्हाच लेइसावी खाली बसली.

"आई, फेरपाहणी रद्द झाली. तुमचं गाव आता मदत मिळालेल्यांत दिसतंय."

"चार ताडपत्र्या, बाळा. चाळीस घरं आहेत."

"मला माहीत आहे. मी सांगितलं त्यांना. पण एकाच गावाला दोनदा जाऊ नये म्हणून यंत्रणा आपोआप..." तो थांबला. "तुम्हीच तक्रार केली होती ना, मागच्या वेळी. दोनदा मिळतं म्हणून."

"केली होती," लेइसावी म्हणाली. "अर्ज माझ्याच अक्षरात आहे."

आम्हा बेटावरच्या लोकांना जन्मापासून दोन गोष्टी शिकवतात. पाहुण्यासमोर रडायचे नाही, आणि शेजाऱ्यासमोर एकट्याने खायचे नाही. त्या वर्षी दोन्हींची शिक्षा झाली. लेइसावीला राग येत होता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती. ज्याच्यावर रागवावे तो भलाच निघत होता.

महिना संपला. काल्सोंगने सफरचंदांच्या बागेतून फोन केला आणि आईला म्हणाला, "जाऊ दे तिला. पोरीचा खोकला मला इथं फोनवर ऐकू येतो." वोरासीच्या खाडीत मालाचे जहाज आले. त्यांच्या मदतीचा दुसरा हप्ता उतरवून ते पुढे लुगनव्हिलला जाणार होते. एल्माला डोंगर ओलांडून लेइसावीनेच नेले. मेरियनने दोनदा हात पुढे केले, पण हिने पोर दिली नाही. किनाऱ्यावर जहाजातून ताडपत्र्यांचे गठ्ठे उतरत होते, आणि माणसांना चढायला ते संपेपर्यंत थांबावे लागले.

"आई, तुम्ही पण चला," मेरियन म्हणाली.

"आणि दप्तर कोण बघेल?"

"दप्तर," मेरियन म्हणाली, आणि तिने पिशवी खांद्याला लावली.

लेइसावीला म्हणायचे होते, राहा, मी कुठूनतरी पत्रा आणते, चोरून आणते. पण अंगावर घ्यायचे शब्द आणि झेपायचे शब्द यांत फरक असतो, हे तिला वयाने शिकवले होते. तिने पोरीच्या टाळूचा वास घेतला आणि ती आईच्या हातात दिली. "छप्पर झालं की कळवा म्हणजे येऊ," मेरियन होडीत पाय टाकताना म्हणाली.

सिमिओनने मात्र नाद सोडला नाही. कोणाकोणाला लिहिले, कोणाकोणाशी भांडला, देव जाणे. मे महिन्याच्या मध्यावर तो टॅब घेऊन एकटाच तावलेपाला आला. या वेळी कोणी झाडले नव्हते. त्याने घरोघर जाऊन फोटो काढले, वाफ्यांत उतरून खारट माती हातात घेतली, चाळीस घरांची यादी दप्तरातून एकेक नाव करून उतरवून घेतली. सगळ्यांत शेवटी तो लेइसावीच्या कोपऱ्यात येऊन बसला. मे झाला तरी वर चटयाच होत्या, आणि त्यांना काळी बुरशी आली होती.

"गावाला पिवळी मिळेल आता," तो म्हणाला. "ताडपत्र्या पंचवीस येतील, जास्त नाही. घरातली माणसं आणि लहान मुलं यांवरून क्रम लागतो. तुमच्या घरात किती, आई?"

"एक."

त्याचे बोट थांबले. "मागच्या वेळी तुमच्या सुनेच्या कडेवर एक बाळ होतं."

"होतं."

सिमिओनने पटांगणाकडे पाहिले. कोणी जवळपास नव्हते. "तीन लिहू का?" त्याने हळूच विचारले. "ताडपत्री आली की येतीलच ना परत. मग ते खोटं कुठं राहिलं?"

लेइसावीने दप्तर जवळ ओढले. वाटपाच्या दिवशी यादी देवळासमोर मोठ्याने वाचायची असते, आणि ती वाचणार तीच होती. पंचविसावी ताडपत्री तिच्या घरावर आली तर सव्विसावे घर कोणाचे, हेही तिला पाठ होते. त्या घरात तीन वर्षांचे मूल होते, आणि ते तिथेच झोपत होते.

"एकच लिही," ती म्हणाली.

जूनमध्ये ताडपत्र्या आल्या. लेइसावीने देवळासमोर पंचवीस नावे खणखणीत वाचली आणि पंचवीस सह्या घेतल्या. त्याच दुपारी लुगनव्हिलहून फोन आला. तावलेपाला मदत पोचल्याचे मेरियनने रेडिओवर ऐकले होते, आणि तिच्या आवाजात बॅग भरल्याचा आनंद होता.

"आली ना आई ताडपत्री?"

"आली. गावात पंचवीस आल्या."

"मग आपल्याला?"

"या खेपेला ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना दिल्या," लेइसावी म्हणाली.

पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग मेरियनने फोन एल्माच्या तोंडाशी धरला असावा, कारण लेइसावीला पोरीचा श्वास ऐकू येऊ लागला. खोकला पार गेला होता.